मज्जातंतू आणि सुके बोंबील

आमच्या लॅबमधून शोधनिबंध वर्षा-दोन वर्षांत एखादा बाहेर पडतो, तोही रडतखडत, संपादकांच्या लाथा खाऊन. किस्से मात्र आठवड्याला घडतात. निबंधाला पुरावा लागतो, किश्शाला नुसता चहा पुरतो. त्यामुळे निबंध मागे राहिले आणि किस्से साठत गेले. आता ओळखीचं कोणी भेटलं की "संशोधन कुठवर आलं?" असं विचारतच नाही. "म्हात्रे, लॅबमध्ये नवीन काय झालं?" असं विचारतं, आणि खुर्ची ओढून बसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं कॉलेज अलिबाग-रेवस रस्त्याला आहे. प्राणिशास्त्र विभागाच्या मागे पूर्वी बेडूक ठेवायची खोली होती, तीच आमची लॅब. आम्ही चौघं. प्रधान मॅडम आमच्या प्रमुख, निवृत्तीला आलेल्या, जिभेला धार. रुचिता कांबळे ही पीएचडी करणारी मुलगी. शकीलभाई लॅब अटेंडंट, मूळचे मुरूडकडचे. आणि मी.

आमच्याकडे झेब्राफिश असतात. करंगळीएवढा मासा, अंगावर निळे पट्टे. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक. मायक्रोस्कोपखाली ठेवली की आतल्या पिल्लाचा मेंदू बनताना दिसतो. चेतापेशी तयार होतात, त्यांना धागे फुटतात, ते धागे चाचपडत वाट काढतात आणि दुसऱ्या पेशीला जाऊन जोडले जातात. माणसाच्या पोटातल्या बाळातही साधारण असंच होतं. फक्त तिथे आत बघायला खिडकी नाही.

हे झालं काम. आता किस्से.

*

मला नोकरी लागली तेव्हा पेणजवळच्या आमच्या गावात आईने विचारलं, "काम काय करतस?"

आमचं घर मिठागरवाल्यांचं. मासा म्हणजे काय, हे आईला शिकवायची गरज नव्हती. मी म्हटलं, "मासे पाळतो."

ती खूश झाली. "किती मोटं?"

मी करंगळी दाखवली. आईने करंगळीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "यवरंसं? यांचा कालवन तरी कसा करावाचा?"

"खायचे नसतात गं. त्यांच्या मेंदूचा अभ्यास करतो."

तिने मान डोलावली. पण पुढच्या रविवारी गेलो तर ओटीवर शेजारची यमुनाकाकी डोक्याला फडकं बांधून बसलेली. आईने गावभर सांगितलं होतं की आमचा नरेश मेंदूचा डॉक्टर झालाय. काकीचं डोकं कित्येक वर्षांपासून दुखत होतं.

मी समजावलं की काकी, मी तसला डॉक्टर नाही, मी फक्त माशांचे मेंदू बघतो.

काकी म्हणाली, "मंग बघ की. मी काय माशाच्या वर हाय का?"

मी तिला अलिबागच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. चष्म्याचा नंबर वाढला होता. नवीन चष्मा लागला, डोकेदुखी थांबली, आणि गावात माझं नाव झालं ते आजतागायत पुसलेलं नाही.

*

प्रधान मॅडमना शिकवताना खाण्याशिवाय उदाहरण सुचत नाही. माणूस सीकेपी, त्यात अलिबागचा. एकदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "मॅडम, मज्जातंतूचं टोक एवढ्या गर्दीतून बरोबर जागी कसं जातं? त्याला कळतं कसं?"

मॅडम म्हणाल्या, "वासाने. म्हणजे रसायनांनी, पण वासच समज. तुला डोळे बांधून बाजारात सोडलं आणि सांगितलं, सुक्या बोंबलांकडे जा. जाशील की नाही? तिकडून वास बोलावतो. वाटेत गटार लागलं तर तो वास मागे ढकलतो. बोलावणारा वास, ढकलणारा वास. तंतू असाच जातो."

वर्गाला पटलं. इतकं पटलं, की विद्यापीठाच्या परीक्षेत एकाने सरळ लिहिलं, 'मज्जातंतू सुक्या बोंबलांच्या वासाने आपल्या योग्य ठिकाणी पोहोचतो.'

पेपर तपासायला बाहेरचे परीक्षक होते. शुद्ध शाकाहारी गृहस्थ. त्यांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'याला संदर्भ काय?'

पेपर फेरतपासणीला मॅडमकडे आला. मॅडमनी मार्क दिले आणि लाल अक्षरांखाली हिरव्या शाईने लिहिलं, 'अलिबाग मार्केट.'

*

आमच्या दाराशी पाटी आहे, 'झेब्राफिश कक्ष'. पावसाळ्यानंतर तिच्यावर वेल चढला आणि नुसतं 'झेब्रा' उरलं. विभागाची मागची बाजू रस्त्याला लागून. काशीदला निघालेलं एक कुटुंब गाडी थांबवून आत आलं. नवरा, बायको आणि हट्टाला पेटलेली मुलगी.

"झेब्रा कुठेय?"

शकीलभाईंनी त्यांना हाकललं नाही. त्या माणसाला हाकलणं जमतच नाही. त्यांनी मुलीला स्टुलावर उभं केलं, टाकी दाखवली. "हे बघ, पट्टे आहेत की नाही? झेब्राच आहे. पाण्यातला."

मुलगी हरखून बघत बसली. बापाला मात्र आपण फसलो असं वाटत होतं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "एवढंच? बाकीचे प्राणी कुठे ठेवलेत?"

शकीलभाई अदबीने म्हणाले, "पहिल्या मजल्यावर, साहेब. स्टाफरूममध्ये."

*

झेब्राफिशची एक सवय आहे. रात्रभर अंधार, आणि सकाळी दिवा लागला की अंडी. त्यामुळे अंडं किती तासांचं ते नेमकं कळतं, आणि मेंदू बनण्याची कुठली पायरी कधी बघायची ते ठरवता येतं. आम्ही संध्याकाळी दिवे बंद करतो, सकाळी रुचिता दिवा लावते आणि गाळणीने अंडी गोळा करते. तिचं सगळं काम या एका सवयीवर चालतं.

कॉलेजच्या मागच्या मैदानात एकदा आगऱ्यांच्या घरची हळद होती. आमच्यात लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. दिवेलागणीलाच डीजे सुरू झाला. लाल, हिरवे, निळे झोत फिरायला लागले ते थेट आमच्या खिडकीतून टाक्यांवर.

सकाळी रुचिताने दिवा लावला. माशांनी तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. अंडी टाकीच्या तळाशी आधीच पडलेली होती, कधीची ते देव जाणे. आठवडाभर आखलेला प्रयोग पाण्यात गेला. रुचिता स्टुलावर बसून राहिली, रडायचीच बाकी होती.

मॅडम तणतणत मैदानात गेल्या. मंडपवाल्याला, डीजेवाल्याला आणि नवऱ्याच्या बापाला चांगलं झापायचं म्हणून गेल्या. पाऊण तासाने परत आल्या त्या मटणाचा डबा घेऊन. नवऱ्याची आत्या त्यांची शाळेतली मैत्रीण निघाली होती.

"काय बोलणार?" मॅडम म्हणाल्या. "रुचिता, अंडी फेकू नकोस. वाढव, मोठी झाली की पैदाशीला घेऊ. आणि खिडकीला काळा पडदा लावा."

शकीलभाई टाकीत डोकावून बघत होते. मान हलवत म्हणाले, "तौबा. दुसऱ्याच्या हळदीत यांनी आपलं लगीन उरकून घेतलं."

*

अनुदान द्यायचं की नाही ते ठरवायला मुंबईहून एक साहेब आले होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आले. समुद्र जरा उसळलेला होता, त्यामुळे रेवसला उतरले ते पांढरेफटक. लिंबू सरबत झालं, शहाळं झालं, मग आम्ही त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

रुचिताने आपलं सगळ्यात लाडकं पिल्लू लावलं होतं. पाठीच्या कण्यातून एक तंतू निघालेला, आणि त्याच्या टोकाला पंजासारखं काहीतरी. तो पंजा बोटं पसरतो, चाचपतो, एक बोट मागे घेतो, दुसरं पुढे करतो. स्नायूपर्यंत पोहोचायला त्याला तासन्‌तास लागतात. रुचिताने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा जेवायला उठली नव्हती.

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. आम्ही श्वास रोखून उभे.

"हलतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो सर. नीट बघा, अगदी सावकाश."

पुन्हा बघितलं. मग डोळे चोळत म्हणाले, "फारच स्लो आहे हो हे."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडे आमची फाईल आहे ना, तिच्यापेक्षा फास्ट आहे."

आम्हाला वाटलं, गेलं अनुदान. साहेब इतके हसले की पोटातलं शहाळं वर येतंय की काय असं झालं. फाईल त्यानंतर खरंच हलली. अगदी सावकाश.

*

रुचिता पालीची. वडील शाळामास्तर होते, आता निवृत्त. मुलगी काय शिकते ते नीट समजून घ्यायचं म्हणून त्यांनी एका सुट्टीत तिला घरातल्या सगळ्यांसमोर बसवलं आणि म्हणाले, "सांग. सोप्या मराठीत."

रुचिताने सांगितलं. मेंदू आधी गरजेपेक्षा जास्त पेशी बनवतो. मग प्रत्येक पेशी जोडीदार पेशी शोधायला निघते. जिला जोडणी मिळते ती टिकते. मिळत नाही त्यातल्या कितीतरी मरून जातात.

वडिलांनी मान डोलावली. पण कोपऱ्यात तिची आत्या बसली होती. आत्याने गेली काही वर्षं रुचितासाठी स्थळं आणण्याचा धडाका लावला होता आणि रुचिता प्रत्येकाला थिसिस दाखवून परत पाठवत होती.

आत्या म्हणाली, "बघा. शास्त्रात पण तेच सांगितलंय. वेळेत जोडीदार नाही मिळाला की संपलं. आणि ही शिकून सुद्धा ऐकत नाही."

सगळे रुचिताकडे बघायला लागले. रुचिता शांतपणे म्हणाली, "आत्या, पुढचं राहिलं. जी घाईत चुकीच्या ठिकाणी जोडली जाते, तिची जोडणी मेंदू नंतर छाटून टाकतो."

वडील एवढंच म्हणाले, "चहा टाका कोणीतरी."

*

माझी बायको मनीषा गरोदर होती तेव्हा आमच्या घरात गर्भसंस्कारांचं वारं शिरलं. कोणी श्लोकांची सीडी दिली, कोणी पाढे म्हणायला सांगितले, एका मेहुण्याने इंग्रजी व्याकरणाचं ॲप टाकून दिलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, नरेश मेंदूतला माणूस आहे, त्याचं पोर तरी हुशार निपजलं पाहिजे.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "शेवटच्या महिन्यांत बाळाला ऐकू येतं हे खरं. पण ते बाळ आहे, एमपीएससीचा उमेदवार नाही. मनीषाला झोपू दे."

ते मी घरी सांगितलं. आईला पटलं नाही. "संस्कार होतात," एवढंच म्हणाली. मनीषाने श्लोक ऐकले नाहीत, पाढे म्हटले नाहीत. आईशेजारी बसून रोज संध्याकाळी मालिका बघितली. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज पार बांधावर जाईल एवढा.

मुलगा झाला. ठणठणीत, पण रडका. पाळणा, अंगाई, खुळखुळा, काही चालेना. एका संध्याकाळी तो असाच टाहो फोडत असताना आईने टीव्ही लावला. मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं आणि पोर तात्काळ गप्प. डोळे मोठे, मान वळवायचा प्रयत्न. गाणं संपलं, पुन्हा भोंगा.

मी सगळ्यांना शास्त्रीय कारण सांगायला तोंड उघडलं. आईने रिमोट हातात घेत मला थांबवलं. "संस्कार होतात बोलले होते ना मी?"

*

आता शेवटचा.

शकीलभाईंची नात झोया. वर्षाची होत आली तरी हाकेला वळेना. मागे पातेलं पडलं तरी खेळत राही. घरातले म्हणत, आमच्यात मुलं उशिराच बोलतात. शेवटी मुंबईला तपासणी झाली आणि कळलं की तिला जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. कानाच्या आत एक यंत्र बसवायचं, त्याचा एक भाग बाहेर कानावर लावायचा, ते आवाज थेट नसेला पोहोचवतं. आणि म्हणाले, लवकर करा.

झोयाचा बाप, शकीलभाईंचा मुलगा इम्रान, काशीदच्या बीचवर भेळेची टपरी चालवतो. तो ऐकेना. एवढ्याशा पोरीच्या डोक्याला हात लावू देणार नाही, म्हणाला. मोठी होऊ दे, मग बघू.

शकीलभाई त्याला घेऊन लॅबमध्ये आले. मॅडमनी त्याला समोर बसवलं. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"हे बघ इम्रान, मेंदूत ऐकण्याची एक जागा असते. तिथे आवाज आलाच नाही तर ती जागा रिकामी राहत नाही. शेजारचे येऊन बसतात. बघण्याचं काम करणाऱ्या पेशी, स्पर्शाचं काम करणाऱ्या पेशी."

इम्रान म्हणाला, "म्हणजे बीचवर होतं तसं. सीझनला टपरी लावली नाही की दुसरा मांडतो."

"आणि मग उठतो का?"

"न्हाय उठत."

त्याने टाकीकडे बघितलं. मग विचारलं, "ऑपरेशनमध्ये काही वाकडं झालं तर?"

"ते मला नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "मी माशांची डॉक्टर आहे. ते तिथल्या डॉक्टरांना विचार, आणि समाधान होईपर्यंत विचार."

त्याने विचारलं. ऑपरेशन झालं. त्या दिवशी शकीलभाई लॅबमध्ये येऊन बसले होते, घरी बसवेना म्हणून. धुतलेल्या बाटल्या पुन्हा पुन्हा धूत होते. आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही.

जखम भरल्यावर यंत्र चालू करायचा दिवस आला. सगळं घर लाँचने मुंबईला गेलं, पेढे घेऊन. दुसऱ्या दिवशी शकीलभाई आले ते पेढ्यांचा बॉक्स न फोडता.

"आवाज आला?" मी विचारलं.

"आला. सगळे बोलले होते की हसेल. ती घाबरली. एवढी रडली की काय सांगू. कानावरचा भाग ओरबाडून काढला."

रुचिता म्हणाली, "भाई, तिला आवाज म्हणजे काय तेच माहीत नाही. अचानक डोक्यात काहीतरी झालं, एवढंच कळलं असेल. थोडे दिवस जाऊ द्या."

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष गेलं. लाँचच्या फेऱ्या, थेरपी, घरी अभ्यास. थेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, तिच्याशी सतत बोला, प्रत्येक गोष्टीचं नाव घ्या. घरात चढाओढ लागली. झोयाची आई दिवसभर "अम्मी, अम्मी" करायची. इम्रान टपरी बंद करून आला की "अब्बा". शकीलभाई कोणी जवळ नसताना हळूच "दादा", म्हणजे आजोबा, म्हणायचे. झोया आता वळून बघायची, हसायची, पातेल्यावर चमचा बडवायची. बोलायची मात्र नाही. शकीलभाई चेहऱ्यावर दाखवत नसत, पण दुपारचा डबा अर्धा परत जायला लागला होता.

तिची आई अंगणवाडीत कामाला, म्हणून दुपारी शकीलभाई नातीला लॅबमध्ये घेऊन यायचे. ती मॅडमच्या केबिनमध्ये खेळत बसायची. मॅडमना लाडाचं बोलता येत नाही. त्यांनी तिला एकदाही अम्मी शिकवलं नाही की दादा. त्या आपलं काम करत बसायच्या, आणि दर थोड्या वेळाने त्यांना काहीतरी सापडायचं नाही. चष्मा, पेन, स्लाईडची पेटी. मग मान वरही न करता हाक जायची, "शकीऽऽल!" पहिलं अक्षर तुटक, दुसरं लांब ओढलेलं, त्यात निम्मा वैताग. शकीलभाई असतील तिथून "आलो मॅडम" म्हणायचे आणि यायचे.

त्या दिवशी मॅडम मीटिंगसाठी प्राचार्यांकडे गेल्या होत्या. रुचिता मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. मी द्रावण ढवळत होतो. शकीलभाई मागच्या मोरीवर टाक्या घासत होते, नळ सोडलेला.

केबिनमधून हाक आली.

"छकीऽऽल!"

"आलो मॅडम," मागून उत्तर आलं. नळ बंद झाला.

रुचिताने डोळा काढून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातली काचेची कांडी थांबली. दोघांनाही ठाऊक होतं की मॅडम खोलीत नाहीत.

शकीलभाई हात पुसत आमच्या समोरून गेले आणि केबिनच्या दारात उभे राहिले. आत मॅडमच्या खुर्चीवर झोया बसली होती, समोर पेनाचं टोपण. तिने मान वर केली नाही.

"छकीऽऽल!"

हात पुसायचं फडकं त्यांच्या हातातून खाली पडलं. ते उचलायला ते वाकले नाहीत.

"जी मॅडम," ते म्हणाले.